घरच्या वर्कबेंचबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी नवा बेंच दाखवायला बोलावलं की मी आधी त्याचा कोपरा धरून हलवतो. यजमानाला ते आवडत नाही, पण बेंचची परीक्षा तिथेच होते. रंग, ड्रॉवर, भिंतीवर ओळीने टांगलेली हत्यारं हे सगळं नंतर. खालचे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यातले निम्मे वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारतात: हा हलतो का, आणि हलू नये म्हणून काय करू?

घरी वर्कबेंच खरंच लागतो का? जुनं टेबल नाही चालणार?

सोल्डरिंग, घड्याळदुरुस्ती, चामड्याचं शिवणकाम एवढंच करत असाल तर जुनं दणकट टेबल पुरतं. पण कानस, करवत, रंधा किंवा हातोडा हातात घेणार असाल तर नाही पुरत. टेबल वरून येणारं वजन पेलायला केलेलं असतं. जेवणाची ताटं कुणी आडवी ढकलत नाही. रंधा मारताना सगळा जोर आडवा जातो. अशा जोराला टेबलाचे पाय कोपऱ्यातल्या चार स्क्रूंवर तोललेले असतात आणि ते स्क्रू महिन्याभरात ढिले पडतात.

मग बेंच हलतो तो नेमका कशामुळे?

चार पट्ट्या कोपऱ्यात एकेक खिळा मारून चौकट करा आणि वरची पट्टी बोटाने ढकला. चौकट लगेच तिरकी होते. पट्ट्या कितीही जाड घेतल्या तरी होते, कारण चौकोनाला स्वतःचा आकार धरून ठेवता येत नाही. आता तीन पट्ट्यांचा त्रिकोण करून बघा. पट्टी मोडेल किंवा खिळा उपटेल, पण त्रिकोण तिरकणार नाही. बेंचचं सगळं शास्त्र या दोन खेळण्यांत आहे.

म्हणून बेंच डोलत असेल तर पाय जाड करून उपयोग नाही. त्याला कुठेतरी कैची मारा, म्हणजे तिरकी पट्टी द्या. नाहीतर मागच्या बाजूला पायांवर पूर्ण लांबीची प्लायची पाठ ठोका. १२ मिलिमीटरची प्लाय डिंक लावून, दर १५ सेंटिमीटरवर स्क्रू मारून बसवली की लांबीच्या दिशेचं डोलणं थांबतं. ती एक पाठ असंख्य त्रिकोणांचं काम करते. दोन्ही बाजूंना पायांच्या जोडीवर असाच एकेक तुकडा लावला की पुढे-मागे डोलणंही जातं. पाय मोकळे दिसावेत म्हणून लोक पाठ टाळतात, मग आयुष्यभर नट आवळत बसतात.

डोलण्याशिवाय बेंच आणखी दोन प्रकारे त्रास देतो. एक म्हणजे सरकणं. ते वजन कमी पडल्यामुळे होतं. माझा पहिला बेंच इतका हलका होता की कानस चालवताना दर दहा मिनिटांनी त्याला भिंतीपासून ओढून जागेवर आणावं लागे. दुसरा त्रास म्हणजे टॉप, म्हणजे बेंचची वरची फळी, लचकणं आणि ठोकताना हातोडा उसळणं. ते जाडीवर आहे, त्याबद्दल पुढे. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. तेव्हा आधी दुखणं कोणतं ते ओळखा.

उंची किती ठेवू?

छापील आकडा शोधू नका, स्वतःची उंची मोजा. त्यातही कोणत्या कामाला तुम्ही सर्वांत जास्त वेळ देणार ते आधी ठरवा.

कानस चालवायची असेल तर शेगड्याच्या (वस्तू घट्ट आवळून धरायला बेंचवर बसवतात तो व्हाइस) जबड्याची वरची कड कोपराच्या उंचीला यायला हवी. ताठ उभे राहा, हात काटकोनात दुमडा आणि कोपरापासून जमिनीपर्यंत मापा. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला हे अंतर साधारण १०७ सेंटिमीटर भरतं. मध्यम आकाराचा शेगडा १६ ते १८ सेंटिमीटर उंच असतो. तो वजा केला की टॉप ८९ ते ९१ सेंटिमीटरवर येतो. बाजारात तयार मिळणारे बेंच याच्या जवळपास असतात ते उगीच नाही.

हाताने रंधा मारायचा असेल तर टॉप खाली हवा, हात सैल सोडल्यावर मनगट येतं त्या आसपास. रंध्याला नुसत्या हाताचा जोर पुरत नाही, अंगाचं वजन मागून यावं लागतं. उंच बेंचवर ते येत नाही आणि खांदे भरून येतात. उलट खुणा करणं, कोरीवकाम, बारीक जुळणी यांना टॉप डोळ्यांच्या जवळ लागतो, शंभर सेंटिमीटर किंवा थोडा जास्तच. खाली वाकून बारीक काम केलं की दुसऱ्या दिवशी मान बोलते.

सगळंच करायचं असेल तर बेंच कमी उंचीचा बांधा आणि बारीक कामासाठी वर ठेवायला एक जाडजूड पेटी करा. बुटका बेंच उंच करता येतो. उंच बेंच बुटका करायला पाय कापावे लागतात, आणि चारही पाय सारखे कापणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

लांबी-रुंदी?

रुंदी ६० सेंटिमीटर. फार तर ७० करा. त्यापलीकडे हात पोचत नाही आणि मागची पट्टी अडगळीची होते. लांबी जागेप्रमाणे, १२० मध्ये भागतं, १५० मध्ये सुख आहे.

टॉपला कोणतं लाकूड? जाडी किती?

घरच्या पहिल्या बेंचसाठी मी प्लायच सुचवतो. भरीव लाकडाचा टॉप देखणा दिसतो, पण लाकूड हवेतल्या दमटपणाबरोबर आडव्या अंगाने फुगतं आणि आकसतं. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ हलत नाही; रुंदीत मात्र ६० सेंटिमीटरच्या टॉपला दोन ऋतूंमध्ये चार-पाच मिलिमीटरचा फरक सहज पडतो. तो टॉप चारी बाजूंनी पक्का आवळला तर कुठूनतरी चिरणारच. भरीव लाकूड घ्यायचंच असेल तर मागच्या बाजूच्या स्क्रूंना लांबट भोकं ठेवा, म्हणजे टॉपला सरकायला वाव राहील. प्लायमध्ये एका थराच्या शिरा उभ्या तर पुढच्याच्या आडव्या असतात, त्यामुळे थर एकमेकांना धरून ठेवतात आणि ही कटकट उरत नाही.

जाडीचं गणित मात्र समजून घ्या. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली की लचकणं निम्मं नव्हे, आठव्या हिश्श्यावर येतं. १८ मिलिमीटरच्या दोन प्लाय नुसत्या एकावर एक ठेवल्या तर ताठपणा फक्त दुप्पट होतो, कारण वाकताना त्या एकमेकींवर घसरतात. त्याच दोन डिंकाने पूर्ण चिकटवल्या की ३६ मिलिमीटरची एकच फळी होते आणि ताठपणा आठपट. वहीचे कागद मोकळे असताना वही कशी वाकते, आणि तेच कागद चिकटून पुठ्ठा झाला की कसा वाकत नाही, तसंच हे.

अंतराचंही तेच, फक्त उलटं. दोन आधारांमधलं अंतर निम्मं केलं की त्याच वजनाखाली लचक आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून १५० सेंटिमीटरच्या टॉपखाली मधे एक आडवी पट्टी टाका. इतक्या थोड्या कष्टात एवढा फायदा या कामात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

चिकटवताना डिंक हात राखून लावू नका. दाते असलेल्या पत्र्याने सगळीकडे सारखा पसरा, कडांना क्लॅम्प लावा आणि मधल्या भागात खालून स्क्रू मारून दोन्ही थर ओढून घ्या. पांढरा लाकडी डिंक तासाभरात धरतो, पण पूर्ण ताकद यायला २४ तास द्या. पी हळद आणि हो गोरी इथे चालत नाही. संध्याकाळी चिकटवलेला टॉप रात्री उचलून उभा केला की थर सरकतात आणि मग ते सुटतही नाहीत आणि जुळतही नाहीत.

पाय लाकडाचे करू की लोखंडी अँगलचे?

वेल्डिंग येत असेल तर लोखंडी, नाहीतर लाकडी. लोखंडी सांगाड्याचे सांधे ढिले होत नाहीत, पण त्यावर ठोकलं की घंटेसारखा वाजतो. टॉप आणि अँगलच्या मधे रबराची पट्टी टाका. भोकं पाडलेल्या पातळ पत्र्याच्या अँगलचे तयार रॅक मिळतात, ते सामान ठेवायला उत्तम आहेत. काम करायला नाहीत.

लाकडी पाय ७५ बाय ७५ मिलिमीटरचे घ्या. त्या जाडीचं सरळ लाकूड मिळालं नाही तर दोन पट्ट्या चिकटवून पाय करा. तो उलट जास्त सरळ राहतो, कारण दोन्ही पट्ट्यांचे बाक एकमेकांविरुद्ध ठेवता येतात. गाठी असलेलं लाकूड पायाला चालेल, फक्त सांध्याच्या जागी गाठ येऊ देऊ नका.

खिळे, स्क्रू की बोल्ट?

पायांना आडव्या पट्ट्या जोडायला आरपार बोल्ट, जाडी १० मिलिमीटर, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर. पाठीला आणि टॉपला स्क्रू. खिळे ठेवून द्या, फोटो टांगायला होतील.

सुतारकाम थोडं येत असेल तर पायाला खाच पाडून आडव्या पट्टीचं टोक त्यात बसवा आणि मग बोल्ट मारा. भार खाचेवर येतो, बोल्ट फक्त जागेवर धरून ठेवतो. खाच नसेल तर सगळा भार बोल्टवर. काही महिन्यांत भोक लांबट होतं आणि डोलणं सुरू. स्क्रू मारण्याआधी बारीक भोक पाडाच, विशेषतः पट्टीच्या टोकाजवळ. नाहीतर लाकूड शिरेने उकलतं. पहिला वर्षभराचा ऋतुबदल झाला की सगळे बोल्ट एकदा आवळा. लाकूड तोवर थोडं आकसलेलं असतं, त्यात तुमच्या बांधणीचा दोष नाही.

बांधायचा क्रम काय? दोन दिवसांत होतं का?

होतं. टॉप आदल्या रात्री चिकटवून ठेवला तर पुढच्या दोन दिवसांत आरामात.

आधी दोन बाजू जमिनीवर आडव्या ठेवून जोडा: दोन पाय, वर एक आडवी पट्टी, खाली जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर दुसरी. प्रत्येक बाजू गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते पाहा. मोठा गुण्या नसेल तर एका अंगावर ६० सेंटिमीटरवर खूण करा, दुसऱ्यावर ८० वर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर १०० आलं तर कोपरा काटकोनात आहे. मग दोन्ही बाजू उभ्या करून लांब पट्ट्या लावा, पण बोल्ट हातानेच आवळा. आता चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. १५० बाय ६० च्या चौकटीला कर्ण साधारण १६१.५ सेंटिमीटर येईल, पण तो आकडा गौण आहे. दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. एक कर्ण सहा मिलिमीटरने मोठा असेल तर त्या कोपऱ्यांना क्लॅम्प लावून तीन मिलिमीटर दाबा, दुसरा आपोआप तेवढा वाढतो. जुळले की पाना घेऊन बोल्ट आवळा आणि लगेच पाठ ठोका. पाठ लागली की चौकट ज्या आकारात आहे त्याच आकारात कायमची अडकते. म्हणून पाठ ठोकण्याआधी पुन्हा एकदा कर्ण मोजा. मी एकदा मोजले नव्हते. तो बेंच अजून आहे, आणि त्याच्या ड्रॉवरचा एक कोपरा आजही घासतो.

फरशी उंचसखल आहे. बेंच डगमगतो.

तीन पायांचं स्टूल कधी डगमगत नाही, चार पायांचं नेहमी डगमगतं. बेंच कायमच्या जागी ठेवा, जो पाय अधांतरी राहतो त्याखाली पाचर सरकवा आणि तिची उंची मोजून तेवढाच ठोकळा पायाला चिकटवा. पाय कापू नका. तळाला फिरवून उंची बदलता येणारे बोल्टचे पायही मिळतात. घ्यायचे तर जाड दांड्याचे घ्या.

टॉप पाणसळीत नसला तरी फारसं बिघडत नाही, गोल पेन्सिल घरंगळते एवढंच. तो सपाट मात्र असायला हवा, पिळलेला नको. दोन्ही टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवा आणि एका टोकाकडून डोळा खाली आणून बघा. जवळच्या पट्टीच्या कडेवर लांबच्या पट्टीची कड समांतर दिसली पाहिजे. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी दिसली तर पीळ आहे.

शेगडा कुठे बसवायचा? केवढा घ्यायचा?

पायाच्या बरोबर डोक्यावर. दोन पायांच्या मधे बसवलेला शेगडा टॉपला स्प्रिंग करून टाकतो. पायावर बसवला की घाव सरळ जमिनीत जातो. धातूकामाचा शेगडा उजव्या हाताच्या माणसाला पुढच्या उजव्या कोपऱ्यावर सोयीचा पडतो. सुताराचा, लाकूड धरायचा शेगडा मात्र डावीकडे लागतो, कारण रंधा उजवीकडून डावीकडे जातो आणि फळीचं पुढचं टोक तिथे धरलेलं हवं.

आता एक बारीक गोष्ट, जी निम्मे लोक चुकवतात. शेगड्याचा स्थिर जबडा बेंचच्या कडेच्या जरा बाहेर यायला हवा, अगदी एखादा सेंटिमीटर. तसं केलं की लांब पाइप किंवा पट्टी उभी धरता येते आणि ती खाली जमिनीपर्यंत लोंबू शकते. जबडा कडेच्या आत राहिला तर उभी वस्तू टॉपवर आपटते आणि दर वेळी तिरकी धरावी लागते. बोल्टची भोकं पाडण्याआधी शेगडा नुसता ठेवून, एक लांब पट्टी त्यात उभी धरून बघा. हँडल पूर्ण फिरतं का, तेही बघा.

बसवायचा तो आरपार बोल्टनीच, टॉपच्या खालून जाड पत्र्याचा तुकडा देऊन. मी सुरुवातीला लाकडाच्या स्क्रूंवर भागवलं होतं. एक गंजलेला नट सोडवताना जोर लावला आणि शेगडा चारही स्क्रूंसकट हातात आला. प्लायचे थर भोकांभोवती फुलासारखे उमलले होते.

घरच्या कामाला १०० मिलिमीटर जबड्याचा शेगडा भरपूर झाला. हलक्या बेंचवर १५० चा बसवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. शेगडा बहुधा बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, असतो, आणि बीड दाब सहन करतं पण झटका सहन करत नाही. हँडलमध्ये पाइप घालून आवळू नका, हँडलवर हातोडा मारू नका. नाजूक वस्तू धरायला जबड्यांवर तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या टोप्या वाकवून घाला.

मला लिव्हरचा हातप्रेस बसवायचाय. बेअरिंग दाबायला, चामड्याला रिव्हेट मारायला. वेगळं काही करावं लागेल?

हो, कारण इथे बेंच सरकण्यापेक्षा उलटण्याचा धोका जास्त. हिशोब सोपा आहे. समजा बेंच ५० किलोचा, ६० सेंटिमीटर रुंद आणि पुढचे पाय कडेला भिडलेले. त्याचा भार मध्यावर, म्हणजे पुढच्या पायांपासून ३० सेंटिमीटर मागे. ५० गुणिले ३०, म्हणजे १५००. लिव्हरचं टोक कडेच्या ३० सेंटिमीटर पुढे आलं आणि तुम्ही ४० किलोचा जोर खाली लावला तर ४० गुणिले ३०, म्हणजे १२००. बेंच टिकला. लिव्हर थोडा लांब घेतला, टोक ४० सेंटिमीटर पुढे गेलं, की १६०० होतात आणि मागचे पाय उचलतात.

उपाय तीन. बेंच मागून भिंतीला बोल्टने बांधा, हा सर्वांत चांगला. नाहीतर खालच्या फळीवर मागच्या बाजूला वजन ठेवा. किंवा प्रेस कडेपासून थोडा आत घ्या, म्हणजे लिव्हर कमी पुढे येईल. पण मग हात टॉपवर आपटणार नाही ना हे आधी बघून घ्या. प्रेसही पायाच्या डोक्यावरच बसवा, आणि खाली पूर्ण जाडीचा ठोकळा द्या. लिव्हर खाली येताना प्रेसचे मागचे बोल्ट वर खेचले जातात. म्हणून मोठे वॉशर तिथे सगळ्यात महत्त्वाचे.

काडतुसं पुन्हा भरायचा प्रेस याच बेंचवर चालेल का?

हा प्रश्न आधी कायद्याचा आहे, बेंचचा नंतर. काही देशांत नेमबाजांना छंद म्हणून याची मुभा आहे, कित्येक देशांत परवान्याशिवाय तो सरळ गुन्हा आहे. तुमच्याकडे काय आहे ते आधी बघा, आणि मुभा नसेल तर विषय तिथेच संपला.

मुभा असेल तर बांधणीचं गणित वरचंच, पण बेंच वेगळा हवा. जिथे ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात, हीटर असतो किंवा कुणी बिडी-सिगारेट ओढतं त्या खोलीत बंदुकीची दारू आणायची नाही. वजनकाटा प्रेसच्या टॉपवर ठेवू नका. लिव्हरचा प्रत्येक झटका त्याला जाणवतो, पंख्याचा वाराही. त्याला भिंतीवर स्वतंत्र फळी द्या. आणि शिशाचा अंश हातावर राहतो, तेव्हा तिथे खाणंपिणं नको, उठल्यावर साबणाने हात धुवा. दारूचं माप आणि बाकीचं सगळं कारखान्याच्या छापील पुस्तिकेतून घ्यायचं, माझ्यासारख्याकडून नाही.

भाड्याचं घर आहे, भिंतीला भोक पाडता येत नाही.

वजन वाढवा. खाली फळी टाका आणि तिच्यावर वाळूचे बंद डबे ठेवा. दहा लिटरच्या डब्यात साधारण पंधरा-सोळा किलो वाळू मावते. चार डबे झाले की साठेक किलोची भर पडते आणि घर सोडताना वाळू ओतून देता येते. लांब पट्ट्या बोल्टच्या ठेवल्या असतील तर पाठीचे स्क्रू काढून बेंच चपटा होतो आणि जिन्यातून उतरतो.

ठोकल्याचा आवाज खालच्या मजल्यावर जातो.

पायांखाली जाड रबराचे तुकडे. आणि वेळ बघून ठोका.

दिवे आणि वीज?

एक दिवा छताला आणि एक बेंचवर, मान वळणारा. छताचा दिवा तुमच्या पाठीमागे असेल तर स्वतःचीच सावली कामावर पडते, तेव्हा तो बेंचच्या कडेच्या थोडा पुढे, डोक्यावर हवा. मान वळणारा दिवा उजव्या हाताच्या माणसाने डावीकडे लावावा. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली फिरतं यंत्र चालवू नका. ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते आणि ठरावीक वेगाला फिरणारं चाक चक्क थांबलेलं दिसतं. थांबलंय समजून हात घालणारे असतात.

प्लग टॉपवर आडवे नकोत, भुसा आणि धातूचा कीस आत पडतो. भिंतीवर टॉपच्या वर २० सेंटिमीटर, किंवा बेंचच्या पुढच्या पट्टीवर उभे. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, असल्याशिवाय यंत्रं लावू नका. हे काम इलेक्ट्रिशियनचं.

ग्राइंडर याच बेंचवर बसवू का?

मी नाही बसवणार. ठिणग्या आणि भुसा एका खोलीतही नकोत, एका बेंचवर तर नकोच. शिवाय ग्राइंडरची धूळ रंध्याच्या सपाट तळात शिरली की ओरखडे पडतात. त्याला कोपऱ्यात स्वतंत्र खांब द्या. हत्यार टेकवायची पट्टी दगडापासून तीन मिलिमीटरपेक्षा लांब ठेवू नका. दगड झिजेल तशी ती पुढे घ्या. फट वाढली की वस्तू त्यात ओढली जाते, मागोमाग बोट. नवा दगड बसवण्याआधी बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारा. स्वच्छ नाद आला तर बसवा, बद्द वाजला तर तडा आहे, टाकून द्या. अॅल्युमिनियम घासू नका, दगडाची छिद्रं बुजतात.

भुशासाठी मास्क लागतो का? लाकूडच तर आहे.

लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. रंध्याच्या जाड सालपटांनी फारसं काही होत नाही. सँडपेपरची जी पिठासारखी धूळ हवेत तरंगते ती वाईट. एन-९५ घाला, खिडकी उघडा आणि झाडूऐवजी व्हॅक्यूम वापरा. झाडू ती धूळ पुन्हा नाकाच्या उंचीला आणून ठेवतो.

टॉपला पॉलिश करू का?

चकचकीत पॉलिश नको, वस्तू घसरते आणि प्रकाश डोळ्यांत येतो. जवसाचं उकळलेलं तेल फडक्याने दोन-तीन हात लावा, प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासाने जादा तेल पुसून घ्या आणि एक दिवस वाळू द्या. डिंकाचे थेंब नंतर खरवडून निघतात, हा त्याचा खरा फायदा.

पण त्या फडक्यांकडे लक्ष द्या. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्यात उष्णता निर्माण होते. फडकं पसरलेलं असेल तर ती निघून जाते. चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलं तर आत साठत जाते आणि काही तासांत फडकं आपोआप पेटू शकतं, काडी न लावता. मी एकदा असा बोळा दोन तासांनी उचलला, तर आतून चहाच्या कपासारखा गरम लागला. तेव्हापासून फडकी बाहेर दोरीवर एकेरी पसरून कडक वाळू देतो. तेवढी जागा नसेल तर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

ड्रॉवर किती करू?

आत्ता एकही नको. तीन महिने काम करा, मग कळेल हात कुठे जातो. शेगड्याच्या खाली तर कधीच नको, किसाने भरतो. आणि टॉपच्या खाली कडेला निदान दहा सेंटिमीटर मोकळी जागा सोडा, क्लॅम्प लावायला लागते.

बेंचवर नेहमी पसारा असतो. काही युक्ती?

माझ्याकडे पाहून हा प्रश्न विचारू नका. एवढंच सांगतो: बेंचच्या मागे टॉपच्या पातळीखाली एक उथळ खाचपेटी करतात, हत्यारं ठेवायला म्हणून. ती महिन्यात भुसा, वाकडे स्क्रू आणि संपलेल्या पेन्सिलींनी भरते. मी दुसऱ्या बेंचला ती केली नाही.

घरात लहान मुलं आहेत.

ग्राइंडर आणि ड्रिलचे प्लग काढलेले, पटाश्या कुलपात, शेगड्याचं हँडल खाली फिरवलेलं. मुलाच्या कपाळाच्या उंचीला बरोबर तेच येतं.

टॉपला भोकं पडली, करवतीचे व्रण आले. बदलू का?

नको. वर सहा मिलिमीटरचा हार्डबोर्ड कापून चार छोट्या स्क्रूंवर बसवा, डोकी आत बुडवून. खराब झाला की उलटा करा, दुसरी बाजू संपली की नवा कापा. पहिला मी दीड वर्ष वापरला. उलटा करायला काढला तेव्हा त्याच्याखाली हरवलेलं तीन मिलिमीटरचं बिट सापडलं.